स्वयंपाकघराकडचा पाय

आमची इमारत सरळ उभी आहे आणि पहिल्यापासून सरळच उभी होती, हे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या आग्रहावरून मी आधीच जाहीर करून टाकतो. मध्यंतरी आठवडाभर ती उजवीकडे झुकल्याचं जे वातावरण तयार झालं होतं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे असंही मी लिहावं असा त्यांचा हट्ट होता. ते मात्र मी लिहिणार नाही. मी फक्त एका खेळण्यातल्या ट्रकच्या स्प्रिंगा आवळत होतो.

'खेळण्यातला' हा शब्द आमच्या घरात चालत नाही. बायको आत आहे हे बघून मी तो हळूच वापरून घेतला. ही गाडी म्हणजे हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा ट्रक. चाकं अंगापेक्षा मोठी, खरबरीत. माती, खड्डे, उंचवटे असतील तिथेच ती पळवायची आणि उंचवट्यावरून उडी मारून चारी चाकांवर पडली तर टाळ्या वाजवायच्या. याच्या शर्यती असतात, क्लब असतो, गावाबाहेर मैदान असतं, आणि तिथे जमणारी माणसं कामाधंद्याची आणि पोक्त असतात. बायको एका हॉस्पिटलच्या हिशेब खात्यात आहे. त्यांच्या ऑफिसच्या सोडतीत तिला ही गाडी लागली. मी म्हटलं, कोणाला तरी देऊन टाकू. तिने पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघितली, आणि काय सांगू, तिचा हात असा बसला की जणू ती जन्मापासून तेच करत होती. मला बाजारातली ढकलगाडी सरळ नेता येत नाही. तेव्हा चालवणार ती आणि गाडीची देखभाल माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

क्लबमध्ये चालवणाऱ्याला नंबर मिळतो आणि देखभाल करणाऱ्याला गळ्यात घालायचं पिवळं ओळखपत्र. त्यावर 'मेकॅनिक' असं लिहिलेलं असतं. ऑफिसात इतकी वर्षं फायली इकडच्या तिकडे करतोय, पण माझ्याकडे बघून कोणी बाजूला होऊन वाट दिली नाही. ते पिवळं कार्ड घातलं की देतात. आणि खरं सांगायचं तर कार्डापेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. शर्यत सुरू होण्याआधी बायको चालवणाऱ्यांच्या मचाणावर चढते, मागे वळून मला शोधते आणि एकदा मान हलवते. म्हणजे गाडी तयार ना. मीही मान हलवतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं ती दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी मला शोधत नाही. त्या एका क्षणासाठी मी आठवडाभर ग्रीसमध्ये हात घालायला तयार असतो.

मागच्या शर्यतीत गाडी सारखी पालथी पडत होती. वळण आलं की आडवी, उंचवटा आला की उताणी. चाकं वर करून ती फिरत पडायची आणि नारिंगी जाकीट घातलेला मैदानातला स्वयंसेवक धावत येऊन तिला सुलटी करायचा. तेच बघायला नेमके आमचे साडू हजर होते.

साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. माझ्या घराचा रंग, माझा चष्मा, माझी बसण्याची पद्धत, यांपैकी कशावरही त्यांचं मत तयार असतं. आमच्या मागोमाग त्यांनीही तसाच एक ट्रक घेतला होता, आणि त्यांची गाडी लावून द्यायला दुकानातला खास माणूस होता.

"साडूभाऊ," खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "गाडी द्या माझ्या माणसाकडे. तुम्ही कशाला उन्हात? प्रेक्षकांच्या बाजूला छान सावली असते."

परत येताना बायकोने आधी पाण्याची बाटली संपवली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी भाऊजींच्या पुढे राहिलो तर ठीक. नाहीतर गाडी त्यांच्या माणसाकडे देते."

"आणि मी?"

"तुम्ही पाण्याची बाटली धरा. कोणीतरी धरायला लागतेच."

माणसाचा अपमान करायचाच तर सरळ करावा. असा समजुतीच्या सुरात केला की दिवसभर डसत राहतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या मी जेवणाच्या टेबलावर गाडी उघडली. आई समोर भाजी निवडत बसली होती. गाडीच्या प्रत्येक चाकामागे एक छोटी नळी असते, तिच्यात तेल असतं, बाहेरून स्प्रिंग असते. धक्का बसला की स्प्रिंग दबते आणि तेल तिला सावकाश वर येऊ देतं. हे मी आईला नीट समजावून सांगितलं. तेल आटलंय, तेच दुखणं असणार, असंही सांगितलं. आई उठली आणि तिच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली घेऊन आली.

"हे घाल. मला लागू पडलं, तिला का नाही पडणार?"

मी हसलो. पण गाडीचं तेल मिळणारं दुकान बंद होतं आणि बाटली समोर होती. तर आमच्या गुडघ्याच्या तेलाने नळीतली रबरं फुगतात, ही गोष्ट बाटलीवर कुठेही छापलेली नाही. सकाळी गाडी जी खाली बसली ती उठेचना. घरभर तो उग्र वास. आई म्हणाली, "पहिल्या दिवशी असंच जड वाटतं." शेवटी सगळी रबरं बदलली, नवं तेल भरलं, पण वास गेला नाही. अजूनही गाडी तापली की आमच्या आईची आठवण येते, असं क्लबमधले लोक म्हणतात.

मग पाळी आली पुढच्या चाकांची. तळमजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या कानावर 'स्टिअरिंग' हा शब्द गेला आणि ते चप्पल न घालता वर आले.

"स्टिअरिंग ढिलं ठेवा," ते म्हणाले. "आमच्या बसचं चाक अर्धा वळसा नुसतं फिरायचं. तेवढ्या वेळात माणूस विचार करतो, वळायचंय की नाही."

"काका, इथे विचाराला वेळ नसतो."

"म्हणूनच उलटते."

आईने चष्मा पुसून गाडीकडे समोरून बघितलं. "अरे, हिची पावलं आत पडतायत. तुझी पडायची तश्शी." आणि काकांना म्हणाली, "हा चालताना स्वतःच्याच पायात अडकून पडायचा हो. मी याला डाव्या पायात उजवा बूट घालून शाळेत पाठवायची." काकांनी मान वाकवून माझ्या पावलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पाय टेबलाखाली घेतले.

पण आईचं म्हणणं खरं होतं. चाकांना जोडलेल्या दांड्या फिरवून मी पावलं सरळ केली आणि राहिलं शेवटचं काम, उंचीचं. स्प्रिंगवर एक फिरवायची कडी असते. ती आवळली की गाडीची ती बाजू वर उचलते, सोडली की खाली बसते. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. आता हे कोणीही डोळ्यांनी केलं असतं. पण मला शास्त्रशुद्ध करायचं होतं. साडूंच्या माणसाने काय केलं असतं, हा विचार डोक्यात बसला होता. म्हणून मी शेजारच्या फरशी बसवणाऱ्या कंत्राटदाराकडून पाणसळ आणली. पाणसळ म्हणजे गवंडी फरशीवर ठेवून बघतात ती पट्टी, जिच्या काचेत बुडबुडा असतो. बुडबुडा मधोमध आला की समजायचं, सपाट.

पाणसळ मी गाडीवर आडवी ठेवली. बुडबुडा बाजूला पळाला. एका बाजूच्या कड्या आवळत गेलो, आवळत गेलो, आणि तो मधोमध येऊन थांबला. मला इतका आनंद झाला की मी आईला उठवून दाखवला. पाणसळ आधी टेबलावर ठेवून बघावी असं माझ्या मनातही आलं नाही. ते टेबल लग्नापासून आमच्या घरात आहे. त्याच्यावर कोण संशय घेणार?

गाडी घेऊन पार्किंगमध्ये गेलो. जमिनीवर ठेवली, वर पाणसळ ठेवली, तर गाडी उजवीकडे कललेली. मी गाडी उचलून दुसरीकडे ठेवली. तिथेही उजवीकडे. आता गाडी सरळ आहे हे मी माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध केलेलं होतं. मग वाकडं काय? मी पाणसळ थेट जमिनीवर ठेवली. बुडबुडा बाजूला. गाडीच्या निम्म्याने असेल, पण बाजूला. झालं. मी उभा राहिलो आणि वर इमारतीकडे बघितलं.

माझ्या शेजारी काकाही वर बघत होते. "खचतेय," ते म्हणाले.

मी 'खचतेय' हा शब्द वापरलेला नाही, ही नोंद कृपया व्हावी. मी फक्त नाही म्हणालो नाही.

जेवणं व्हायच्या आत पाणसळ घरोघरी फिरली. आणि सांगायची गोष्ट अशी की कुठल्याही घरातली फरशी तुम्ही पाणसळ लावून बघितलीत तर ती कुठेतरी उतरती निघतेच. बाथरूमकडे उतार, गॅलरीकडे उतार. इतकी वर्षं ज्यांना काही जाणवलं नव्हतं त्यांनाही आठवू लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, आपलं अक्षर इथे राहायला आल्यापासूनच तिरकं झालंय. वरच्या मजल्यावरचे चेअरमन पलंगाच्या डाव्या कडेला झोपू लागले. इमारतीला तेवढाच आधार.

सेक्रेटरी नियमाचे पक्के. ते मला म्हणाले, "तोंडी तक्रार चालणार नाही. अर्ज द्या."

मी अर्ज दिला. तो परत आला. "इमारत उजवीकडे झुकली असं लिहिलंय. कोणाच्या उजवीकडे?"

"गाडीच्या."

"गाडी सोसायटीची सभासद नाही. फाटकात उभं राहून बाहेर बघताना उजवी की आत बघताना?"

मी फाटकात जाऊन उभा राहिलो, दोन्हीकडे तोंड करून बघितलं आणि दुसरा अर्ज दिला. तो मंजूर झाला. इंजिनिअरबाईंना रविवारी सकाळी बोलावण्यात आलं आणि तोवर खबरदारी म्हणून फळ्यावर सूचना लागली, की सर्वांनी आपापलं जड सामान इमारतीच्या डाव्या बाजूला हलवावं. आठवडाभर आमच्याकडे कपाटं सरकत होती. डाव्या बाजूला ज्यांची स्वयंपाकघरं होती त्यांची तर गॅसपाशी उभं राहायची पंचाईत झाली. जिन्यात भेटणारा प्रत्येकजण मला म्हणायचा, "तुमच्यामुळे वेळेत कळलं हो." मी मान खाली घालून हसायचो. मोठेपणाची सवय फार लवकर लागते.

या सगळ्या गडबडीत बायको मात्र रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन सराव करत होती. मी एकदा विचारलं, कशी चालते.

"पालथी पडत नाही आता. उजवीकडे ओढते जरा. पण मी हात थोडा डावीकडे धरून ठेवते. अंदाज आलाय मला तिचा." मग म्हणाली, "आणि ते इमारतीचं प्रकरण तेवढं आवरा."

रविवारी ती गाडी घेऊन पुढे गेली. मी इंजिनिअरबाईंसाठी मागे थांबलो. बाईंनी तिपाईवर यंत्र लावलं, इमारतीला फेरी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "सरळ आहे. पार्किंगला उतार असतोच. पाणी जायला मुद्दाम देतात." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "मुळात शंका कोणाला आली?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इतकी एकजूट मी आमच्या सोसायटीत पूर्वी बघितली नव्हती.

सगळे आमच्या घरी आले. बाईंनी यंत्र काढलंच नाही. त्यांनी पर्समधली पेन्सिल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. ती हळूहळू घरंगळत निघाली, कडेला पोहोचली आणि खाली पडायच्या आधी आईने सवयीने झेलली.

"स्वयंपाकघराकडचा पाय आखूड आहे ना तो," आई म्हणाली. "खाली पुठ्ठ्याची घडी असते. मी काढली. केर काढताना अडकायची."

"कधी काढलीत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"गाडी टेबलावर आली त्याच्या आदल्या दिवशी." आणि तिने शिवणाच्या डब्यातून घडी काढून दाखवली. सेक्रेटरींनी ती घेतली, उलटसुलट बघितली आणि खिशात ठेवली. म्हणाले, "हा पुठ्ठा सोसायटीच्या ताब्यात राहील."

त्यानंतर जो गलका झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. कपाटं परत कोण हलवणार, एवढाच त्याचा सारांश. पण मला त्यातलं अर्धं ऐकूच आलं नाही. टेबल वाकडं, म्हणजे गाडी वाकडी. आणि ती वाकडी गाडी घेऊन बायको साडूंच्या शेजारी उभी राहणार होती.

मी पाणसळ आणि पान्हे घेतले आणि पळत सुटलो. सेक्रेटरी म्हणाले, सभा अजून संपलेली नाही. मी म्हटलं, माझी शर्यत आहे. ते म्हणाले, मग सभा तिकडे घेऊ. चेअरमननी आपली मोटार काढली आणि मी, सेक्रेटरी, काका असे सगळे तिच्यात बसलो. आईही आली. "रोज नुसतं ऐकते, एकदा बघू तरी दे," असं म्हणून ती पुढच्या सीटवर बसली.

मैदानावर पोहोचलो तर सगळे मचाणावर चढायच्या तयारीत. बायकोने गाडी माझ्या हातात दिली. "बॅटरी बसवा. कुठे होतात?" साडू तिच्याच शेजारी उभे, नवी टोपी, हातात रिमोट. आमच्यामागे सोसायटीचं मंडळ हाताची घडी घालून उभं.

त्या वेळी मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. बायकोला सांगायचं, की माझं चुकलं, गाडी वाकडी आहे, ती आता सरळ करतो. किंवा न सांगता सरळ करायची. साडूंनी कान टवकारलेले होते. मी न सांगता केली. बॅटरी बसवता बसवता चारही कड्या पार सोडल्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या आवळल्या. या वेळी डोळ्यांनी. बायको मचाणावर चढली, वळली, मला शोधलं, मान हलवली. मीही हलवली. स्वतःचीच लाज वाटली, पण हलवली.

शिट्टी झाली. सगळ्या गाड्या धुरळा उडवत सरळ गेल्या. आमची डावीकडे गेली. बायको आठवडाभर हात डावीकडे धरायला शिकली होती, आणि गाडीला आता त्याची गरज उरली नव्हती. गाडी कडेच्या टायरांवरून उडाली आणि प्रेक्षकांच्या सावलीत जाऊन पडली. स्वयंसेवकाने आणून ठेवली. परत डावीकडे. साडू मचाणावरून म्हणाले, "सावली आवडलेली दिसते."

"अहो," बायको वरून ओरडली, "काय केलंत हिला?"

मी पान्हा पाठीमागे घेतला.

"सरळ केली," मी म्हणालो.

"काय?"

शर्यतीचं वर्णन करणाऱ्या माइकवाल्याला वाटलं, मदत करावी. त्याने भोंग्यावरून सांगितलं, "मेकॅनिक म्हणतात, सरळ केली."

"म्हणजे आधी वाकडी होती?"

मी साडूंकडे बघितलं. मग मंडळाकडे. मग आईकडे. आता लपवायला राहिलं तरी काय होतं? "हो. आधी वाकडी होती. माझ्यामुळे." भोंग्याने तेही सांगितलं.

"मग होती तशी वाकडी करा. मला तिचीच सवय झालीय. लवकर."

स्वयंसेवक गाडी घेऊन मैदानाच्या कडेला मांडलेल्या आमच्या घडीच्या टेबलापाशी आला. होती तशी, म्हणजे कशी? कुठली बाजू वर होती? कड्या तर मी सगळ्याच सोडल्या होत्या आणि घाबरलं की मला डावं-उजवं कळत नाही. उजवीकडे ओढणारी गाडी डाव्या अंगाला उंच असते की उजव्या, यावर काका आणि सेक्रेटरी यांची दोन मतं पडली आणि दोन्ही ठाम होती.

तेव्हा आई पुढे आली. "इकडे व्हा सगळे. तू गाडी ठेवलीस तेव्हा तिचं तोंड दाराकडे होतं. मी समोर भाजी निवडत होते." तिने चेअरमनना एका जागी उभं केलं. "हे दार." मग स्वयंसेवकाला दंडाला धरून दोन पावलं सरकवलं. "तू फ्रिज. हलू नको. फ्रिजच्या पलीकडे स्वयंपाकघर. म्हणजे आखूड पाय हा."

"म्हणजे ही बाजू खाली हवी," मी म्हणालो. "हे टेबल सरळ आहे. समोरच्या पायाखाली पुठ्ठा घातला की झालं. सेक्रेटरीसाहेब, पुठ्ठा द्या."

"ती सोसायटीची वस्तू आहे," सेक्रेटरी म्हणाले. "ठरावाशिवाय देता येणार नाही."

"मी मांडतो ठराव," दार म्हणालं. काकांनी अनुमोदन दिलं. सेक्रेटरींनी विरोधात कोणी आहे का म्हणून प्रेक्षकांकडेही एकदा बघून घेतलं आणि पुठ्ठा माझ्या हातावर ठेवला. काकांनी टेबल उचललं, मी पायाखाली घडी सरकवली, गाडी दाराकडे तोंड करून ठेवली, तिच्यावर पाणसळ ठेवली आणि गुडघ्यांवर बसून कड्या फिरवू लागलो. अख्खं मैदान बघत होतं. भोंगा सांगत होता, "मेकॅनिक आता गाडी वाकडी करत आहेत." लोक पोट धरून हसत होते आणि सगळ्यांत मोठा आवाज वरून, साडूंचा होता. माझे कान तापले होते. पण हात थांबवले नाहीत.

आणि एकदम तो हसण्याचा आवाज बंद पडला. हसता हसता साडूंची नजर आमच्याकडे राहिली आणि त्यांची गाडी पलीकडच्या उंचवट्यावरून उडून उताणी पडली. चाकं वर, गरगर.

"अहो स्वयंसेवक," ते ओरडले, "माझी गाडी!"

पलीकडच्या उंचवट्याचा स्वयंसेवक आमच्याकडे फ्रिज होता. त्याने बिचाऱ्याने एक पाऊल उचललं.

"थांब जरा," आई म्हणाली. "फ्रिज हलला की सगळं चुकेल."

तो थांबला. माझ्या आईने थांब म्हटलं की लोक थांबतात, त्याला इलाज नाही. साडू वरून हात हलवत होते, उताणी गाडी तिकडे मातीत फिरत होती आणि बुडबुडा सावकाश मधोमध येत होता. आला. मी गाडी जमिनीवर ठेवली. ती उजवीकडे झुकून उभी राहिली, होती तशी.

बायकोने ती लगेच पळवली. डावीकडे हात धरून तिने तो ट्रक असा काढला, की काका "वा" म्हणून खाली बसले. वळणामागून वळण, उंचवट्यावरून उडी, चारी चाकांवर. साडूंच्या उताण्या गाडीला वळसा घालून ती पुढे गेली आणि परत एकदा वळसा घालून पुढे गेली. मोकळा झालेला फ्रिज धावत तिथे पोहोचला तेव्हा शेवटची शिट्टी होत होती.

निकालात आम्ही खालून दुसरे आलो. सगळ्यांत खाली साडू.

"याला काय शर्यत म्हणतात?" ते खाली उतरून म्हणाले. "माझी गाडी उत्तम लावलेली होती."

"उत्तमच होती भाऊजी," बायको म्हणाली. "उलटी होती, इतकंच."

मग ती माझ्याकडे आली. माझ्या गुडघ्यांना माती, हाताला ग्रीस, पिवळं कार्ड पाठीवर गेलेलं.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"साडू ऐकत होते."

"आणि आता?"

आता भोंग्याच्या कृपेने ज्याला ऐकू येतं त्या प्रत्येकाने ऐकलं होतं. तिने माझं कार्ड पाठीवरून पुढे घेतलं आणि 'मेकॅनिक' हा शब्द समोर दिसेल असं सरळ केलं. एवढंच.

सोसायटीच्या सभेचा वृत्तांत फळ्यावर लागलाय. इमारत सरळ आहे, गाडी वाकडी आहे, दोन्ही बाबी एकमताने मान्य. कपाटं मी आणि काकांनी मिळून एकेक घर करत परत हलवली. पुठ्ठा सेक्रेटरींनी मैदानावरून आठवणीने परत नेला आणि तो दप्तरी जमा आहे.

आई दुसरी घडी करायला बसली होती, पण बायकोने तिचा हात धरला. "नको आई. गाडी आता याच टेबलावर लावायची. टेबल आहे तस्सं राहू दे." तेव्हापासून आमच्या घरी सगळे एका हाताने ताट धरून जेवतात. सवय होते. आई तर म्हणते, त्यामुळे जेवणात लक्ष राहतं.

मागच्या आठवड्यात साडू जेवायला आले होते. आम्ही त्यांना मानाने स्वयंपाकघराकडच्या खुर्चीवर बसवलं. ताट धरायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आईनेही नाही.